आधी रुग्ण, मग गणगोत

निरोगी माणसाने आपली जीन्स, म्हणजे जनुकं, तपासून घ्यावीत का, हा प्रश्न आता सणासुदीच्या ऑफरपर्यंत येऊन पोचला आहे. नळीत थोडी लाळ थुंकायची, खोकं कुरियरने पाठवायचं आणि काही आठवड्यांनी मोबाइलवर रंगीत अहवाल वाचायचा: मधुमेहाचा धोका मध्यम, हृदयविकाराचा किंचित जास्त, कॉफी बेताने घ्या. त्याच शहरातल्या सरकारी रुग्णालयात अंडाशयाचा कॅन्सर झालेली एखादी बाई केमोची बाटली संपायची वाट बघत पडलेली असते. तिच्या 3 मिलिलिटर रक्तात तिच्या बहिणींचा, मुलींचा आणि भावांचाही धोका लिहिलेला असण्याची शक्यता साधारण पाचा-सहात एक इतकी आहे. ती चाचणी तिला सुचवली जातेच असं नाही. सुचवली, तर 15-20 हजार आणायचे कुठून?

ही उलटी गंगा आहे. वारसाने येणाऱ्या आजाराचा शोध आजारी माणसापासून सुरू करायचा असतो, तिथून तो नातेवाइकांकडे न्यायचा असतो, आणि त्याचा खर्च सरकारने उचलायला हवा. निरोगी माणसाच्या हौसेच्या तपासणीला कोणी बंदी घालावी असं नाही. पण धोरण, पैसा आणि तज्ज्ञांचा वेळ कुठे जावा हा प्रश्न आला की क्रम ठरवावाच लागतो.

आधी रुग्णच का, हे एका साध्या उदाहरणाने कळतं. समजा एका बाईला 42व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. तिची 28 वर्षांची मुलगी घाबरते आणि स्वतःचं रक्त तपासून घेते. रिपोर्ट येतो: काही सापडलं नाही. घरात पेढे वाटले जातात. आता या 'सापडलं नाही'चे अर्थ तीन होऊ शकतात. आईत दोष होता आणि तो मुलीकडे आला नाही, म्हणजे मुलगी खरोखर सुटली. किंवा आईचा कॅन्सर तपासलेल्या जीन्समुळे झालाच नव्हता, म्हणजे मुलीच्या रिपोर्टने काहीच सिद्ध झालं नाही. किंवा आईत असा दोष आहे जो या चाचणीला दिसतच नाही, आणि तो मुलीतही असू शकतो. मुलीचा रिपोर्ट हातात धरून या तिन्हींतलं कोणतं खरं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आईचं रक्त आधी तपासलं असतं आणि दोष मिळाला असता, तर मुलीसाठी प्रश्न एकच उरला असता: तोच बदल हिच्यात आहे की नाही? हो किंवा नाही. आणि ही दुसरी चाचणी स्वस्त असते. डझनावारी जीन्स वाचायची गरज नसते. तेवढी एकच जागा सँगर या डीएनए वाचायच्या जुन्या पद्धतीने वाचली की भागतं, काही हजारांत.

स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे, कारण या क्षेत्रात सगळ्यात पक्कं ज्ञान इथलं आहे. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 मध्ये 17व्या गुणसूत्रावर हा दोष कुठे असावा ते दाखवलं. 1994 मध्ये बीआरसीए-1 हे जनुक हाती लागलं, पुढच्या वर्षी 13व्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-2. हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून 2017 मध्ये आलेले आकडे असे: बीआरसीए-1मध्ये दोष असलेल्या स्त्रीला 80 वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका 72 टक्के, बीआरसीए-2मध्ये 69. अंडाशयाच्या कॅन्सरचा अनुक्रमे 44 आणि 17.

अंडाशयाच्या आकड्यापाशी जरा थांबायला हवं. स्तनाच्या कॅन्सरसाठी मॅमोग्राफी आहे, एमआरआय आहे. गाठ लवकर पकडता येते. अंडाशयाचं तसं नाही. ब्रिटनमध्ये 2 लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-125 ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफी वर्षानुवर्षं करून पाहिली. 2021 मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे 'दरवर्षी सोनोग्राफी करत राहा, काही असेल तर कळेलच' हा सल्ला धीर देण्यापुरता. ज्या स्त्रीत बीआरसीए-1चा दोष आहे तिला मुलंबाळं झाल्यावर, 35 ते 40 या वयात, दोन्ही अंडाशयं आणि गर्भनलिका काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. बीआरसीए-2 असेल तर 40 ते 45पर्यंत थांबता येतं. हे ऑपरेशन अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका साधारण 80 टक्क्यांनी उतरवतं. कोणावर ते करायचं हे ठरवायला जनुकाखेरीज भरवशाचं दुसरं साधन नाही. आणि ते जनुक शोधायचा सगळ्यात जवळचा रस्ता वॉर्डातल्या त्या बाईच्या दंडातून जातो. शिवाय तिचा स्वतःचाही फायदा आहे: बीआरसीए दोष असलेल्या गाठींवर ओलापॅरिबच्या जातीची औषधं विशेष लागू पडतात.

आता घराण्याचा इतिहास. हे काम स्वस्त, आणि तेच सर्वांत वाईट केलं जातं. इंग्रजी फॉर्मवर 'आँट' असा एकच रकाना असतो. त्यात मावशी बसते, आत्या बसते, आणि नर्सने घाईत विचारलं तर काकू आणि मामीही बसतात, ज्यांचा रुग्णाशी रक्ताचा संबंधच नाही. मराठीत ही सगळी नाती वेगवेगळ्या शब्दांनी बांधलेली आहेत. मावसबहीण, आतेबहीण, मामेबहीण, चुलतबहीण असे चार शब्द उच्चारले की वंशवृक्षाच्या चार फांद्या आपोआप काढून होतात. फॉर्म मराठीत छापायला काय हरकत आहे?

दुसरी चूक म्हणजे रुग्णाच्या आईच्या माहेरचीच चौकशी करून थांबणं. स्तनाचा कॅन्सर बायकांचा, म्हणून तो आईकडून येतो असा समज डॉक्टरांतही आढळतो. बीआरसीए दोष बापाकडूनही तितकाच येतो, 50 टक्के. आजोबांना प्रोस्टेटचा कॅन्सर, आत्याला स्तनाचा, बाप ठणठणीत: असा नकाशा असला तर दोष बापातून आलेला असू शकतो. बापाला एकही बहीण नसेल, तर दोन पिढ्या काही दिसणारच नाही.

तिसरी अडचण भाषेची. 'घरात कोणाला कॅन्सर होता का?' या प्रश्नाला उत्तर 'नाही' असं येतं. 'आजी कशाने गेली?' असं विचारलं की कळतं, 'पोटात पाणी झालं होतं, पोट फुगलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत गेली.' पोटात पाणी होण्याची कारणं यकृतापासून क्षयापर्यंत अनेक असतात, पण पन्नाशीतल्या बाईच्या बाबतीत अंडाशयाचा कॅन्सर त्या यादीत वर असतो. तसंच 'पिशवी काढली' हे उत्तर. महाराष्ट्रात पिशवी काढलेल्या बायका गावोगाव आहेत. बीडच्या ऊसतोड महिलांचं प्रकरण 2019 मध्ये सगळ्यांनी वाचलं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली की राहिली, हे त्या बाईला बहुतेक वेळा माहीत नसतं, आणि कागद हरवलेला असतो. अंडाशयं गेली असतील तर त्या फांदीवर कॅन्सर न दिसण्याचा अर्थ 'दोष नाही' असा होत नाही. तेव्हा वंशवृक्षावर पिशवीचीही नोंद हवी, आणि त्या वेळचं वय.

समजा हे सगळं नीट झालं, रक्त काढायची वेळ आली. इथून पुढे चुका तांत्रिक असतात, पण त्या कळायला तंत्रज्ञ असावं लागत नाही. रक्त जांभळ्या टोपणाच्या, म्हणजे ईडीटीए असलेल्या नळीत घ्यायचं, 3 ते 4 मिलिलिटर. हिरव्या टोपणाच्या नळीत हेपॅरिन असतं, आणि ते पुढच्या रासायनिक क्रियेत अडथळा आणतं. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर दात्याच्या पांढऱ्या पेशींची भेसळ नको म्हणून काही दिवस थांबलेलं बरं. आणि ज्या रुग्णाला दुसऱ्याची बोनमॅरो दिलेली आहे, त्याचं रक्त तर तपासूच नये: ते रक्त आता दात्याच्या डीएनएचं आहे. लाळेतही रक्तातल्या पेशी असतात, म्हणून तीही चालत नाही. त्वचेच्या लहान तुकड्यातून पेशी वाढवाव्या लागतात. हे विचारलं गेलं नाही, तर दात्याचा रिपोर्ट रुग्णाच्या नावाने छापला जातो.

प्रयोगशाळेत डीएनए वेगळा काढतात, त्याचे बारीक तुकडे करतात, हव्या त्या जीन्सचे तुकडे गळाने मासे काढावेत तसे ओढून घेतात आणि यंत्रात वाचतात. यंत्र एका वेळी डीएनएची साधारण 150 अक्षरं वाचतं. प्रत्येक जागा एकदा वाचून उपयोगाची नाही. पॅनेल चाचणीत, म्हणजे अनेक जीन्स एकदम वाचणाऱ्या चाचणीत, ती सरासरी 100 वेळा किंवा त्याहून जास्त वाचली जाते. आईवडिलांपैकी एकाकडून आलेला बदल असेल, तर तो वाचनांपैकी निम्म्यात दिसायला हवा. 100तल्या 48 किंवा 53 वाचनांत दिसला तर ठीक. 17 मध्येच दिसला, तर शंका घ्यायची. वय वाढलं की रक्त तयार करणाऱ्या काही पेशींत नंतर झालेले बदल साठतात. कॅन्सरशीच जोडलेल्या टीपी-53 या जनुकात ते बरेचदा दिसतात. तो बदल त्या माणसाच्या रक्तापुरता असतो, मुलांत जात नाही. त्यावरून अख्ख्या घराण्याला 'टीपी-53वाले' ठरवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

उलट्या बाजूची चूकही आहे. जनुकाचा एखादा मोठा तुकडाच गळालेला असेल तर 150 अक्षरांच्या वाचनात तो सहज निसटतो, कारण उरलेल्या प्रतीतून अक्षरं बरोबरच दिसत राहतात. त्यासाठी एमएलपीए नावाची वेगळी चाचणी करतात, किंवा वाचनांची संख्या मोजून अंदाज काढतात. स्वस्त पॅनेलमध्ये हे असेलच असं नाही. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आतड्याच्या कॅन्सरशी जोडलेल्या पीएमएस-2 या जनुकाची तर जवळजवळ हुबेहूब अशी मृत नक्कल जीनोममध्ये, म्हणजे आपल्या सगळ्या डीएनएत, शेजारीच आहे. वाचलेला तुकडा खऱ्याचा की नकलेचा हे ओळखायला वेगळी खटपट करावी लागते.

रिपोर्टमधली एक ओळ जवळून बघू. 'बीआरसीए-1, सी.68_69 डेल'. अर्थ इतकाच: या जनुकाच्या प्रथिन बनवणाऱ्या मजकुरातलं 68वं आणि 69वं अशी दोन अक्षरं गळाली आहेत. जवळपास साडेपाच हजार अक्षरांतली दोन गेली, तर एवढा गहजब कशाला? कारण पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते. 'मदन सरळ वरच बघत' हे वाक्य घ्या. प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. 'सर' ही दोन अक्षरं काढा आणि पुन्हा तीन-तीनच्या गटाने वाचा: 'मदन ळवर चबघ त'. दोनच अक्षरं गेली, पण पुढचं सगळं बिघडलं. बीआरसीए-1चं प्रथिन 1863 दुव्यांचं असतं. या गळतीनंतर पेशी आणखी थोडेसे चुकीचे दुवे जोडते आणि 40च्या आतच 'थांबा'ची खूण येते. प्रथिन बनतच नाही म्हटलं तरी चालेल. हाच बदल पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांत प्रसिद्ध आहे, आणि दक्षिण भारतातल्या कुटुंबांतही तो सापडलेला आहे.

हा झाला सोपा बदल. अवघड ते असतात जिथे दोन अक्षरं गळत नाहीत, एक अक्षर बदलतं आणि प्रथिनातला एकच दुवा दुसरा होतो. तो घातक की निरुपद्रवी? 2015 पासून जगभर प्रयोगशाळा पाच पायऱ्यांची वर्गवारी वापरतात: घातक, बहुधा घातक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. 'बहुधा'चा अर्थ 90 टक्क्यांहून जास्त खात्री. मधली पायरी, जिला सगळे 'व्हीयूएस' म्हणतात, तीच सगळ्यात जास्त घरं हलवते. रुग्णाला ती लाल अक्षरांत छापलेली दिसते, काही तरी सापडलं एवढंच तो वाचतो, आणि कधीकधी सर्जनही तेवढंच वाचतो. व्हीयूएसवरून स्तन किंवा अंडाशय काढायचं नसतं, आणि नातेवाइकांना 'तुम्हीही तपासा' असंही सांगायचं नसतं. पुढे ज्यांची वर्गवारी बदलते त्यांतले सुमारे 90 टक्के निरुपद्रवीकडे जातात, असं एका मोठ्या अमेरिकन प्रयोगशाळेच्या नोंदींवरून 2018 मध्ये दिसलं. पण ते 'पुढे' कधी? आणि वर्गवारी बदलल्याचं पत्र त्या घरी कोण पाठवणार? प्रयोगशाळा म्हणते डॉक्टरांना कळवलं, डॉक्टर बदलून गेलेले, रुग्णाचा फोन नंबर बदललेला.

एखादा बदल निरुपद्रवी ठरवायचा साधा मार्ग म्हणजे तो निरोगी लोकांत किती आढळतो हे बघणं. निरोगी लोकांचा हा साठा युरोपीय वंशाच्या माणसांनी भरलेला असला, तर आपल्याकडे सर्रास असलेला साधा बदलही तिथे दुर्मीळ वाटतो, आणि दुर्मीळ म्हणजे संशयास्पद. ही भीती कल्पनेतली नाही. हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आजारात आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन रुग्णांना निरुपद्रवी बदल 'घातक' म्हणून कळवले गेले होते, हे 2016 मध्ये उघड झालं. तुलनेच्या साठ्यात थोडे जरी कृष्णवर्णीय असते तर ती चूक टळली असती. म्हणून जीनोमइंडिया प्रकल्पाचं मोल आहे. 83 समाजगटांतल्या 9,772 जणांच्या जीनोमचा डेटा जानेवारी 2025 मध्ये संशोधकांसाठी खुला झाला; तो फरिदाबादच्या केंद्रात ठेवलेला आहे. त्यातून व्हीयूएस कमी होतील. पण दीड अब्जाकडे चाललेल्या, जातीजातींत लग्नं करणाऱ्या देशाला दहा हजार ही सुरुवातच.

आणि नुसती सुरुवात हाती असताना घाईने निष्कर्ष काढले की काय होतं, त्याचंही घरचं उदाहरण आहे. एमवायबीपीसी-3 या हृदयाच्या जनुकातली 25 अक्षरांची गळती दक्षिण आशियातल्या साधारण 4 टक्के लोकांत आहे, आणि ती हृदयविकाराशी जोडलेली आहे, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे कोट्यवधी माणसं. पुढच्या अभ्यासांत दिसलं की बराचसा धोका त्या गळतीसोबत काही थोड्यांमध्येच येणाऱ्या दुसऱ्या एका बदलाकडे बोट दाखवतो. मधल्या काळात ज्यांना फक्त 'तुमच्यात ही गळती आहे' एवढं कळलं असेल, त्यांनी त्या माहितीचं काय करायचं होतं?

इथून लाळेच्या खोक्याकडे परत येऊ. अशा बऱ्याच खोक्यांत सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरं ओळीने वाचणं, होतच नाही. एका चिपवर आधीच ठरवलेल्या काही लाख जागा तपासल्या जातात. पुस्तकातल्या ठरावीक पानांवरचे ठरावीक शब्द बघावेत, तसं. दुर्मीळ दोषांच्या बाबतीत ही चिप फार चुकते: ब्रिटनच्या बायोबँकेतल्या नोंदींवर केलेल्या, 2021 मध्ये आलेल्या अभ्यासात चिपने 'बीआरसीए दोष आहे' म्हटलेल्यांपैकी जेमतेम 4 टक्क्यांत तो प्रत्यक्षात निघाला. 2018 मध्ये अमेरिकेत 23अँडमी या कंपनीला बीआरसीए चाचणी थेट ग्राहकाला विकायची परवानगी मिळाली, ती तीन बदलांपुरती होती. ज्ञात घातक बदल हजाराच्या वर आहेत. ते तीन ज्यू वंशात आढळणारे. कोल्हापूरच्या बाईला त्यावरून 'दोष नाही' असं सांगणं याला दिलासा म्हणत नाहीत.

मधुमेह आणि हृदयविकाराचा 'मध्यम', 'जास्त' असा जो धोका छापून येतो तो शेकडो-हजारो बारीक बदलांच्या बेरजेतून काढलेला गुण असतो. 2019च्या एका आढाव्यात दिसलं की या प्रकारच्या अभ्यासांत भाग घेतलेले सुमारे 79 टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, आणि दक्षिण आशियाई माणसासाठी त्या गुणांची अचूकता बरीच घसरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय तोच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. ज्यांची वजन-उंचीची मापंसुद्धा आपल्याला नीट बसत नाहीत, त्यांच्या जनुकांच्या बेरजा थेट उचलून आपल्या माणसाला मार्क द्यायचे? कंबर मोजा, उपाशीपोटी साखर तपासा. तो खर्च दोन-तीनशे रुपयांत होतो.

सिक्वेन्सिंग सगळीकडे लागतंच असंही नाही. सिकल सेलसाठी विदर्भात किंवा नंदुरबारच्या पाड्यावर आधी साधी विद्राव्यता चाचणी करतात आणि मग एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचणीने खात्री करतात. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा पायाही हाच आहे. वारसाने येणाऱ्या अति-कोलेस्टेरॉलमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 190च्या वर दिसलं की भावंडांचं आणि मुलांचं लिपिड तपासणं हाच कुटुंबशोध. यंत्र महाग म्हणून ते जास्त शास्त्रीय, असं नसतं.

या भूमिकेवर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे, आणि तो मेरी-क्लेअर किंग यांनीच 2014 मध्ये मांडला: घराण्याचा इतिहास बघून तपासणी केली तर दोष असलेल्या जवळपास निम्म्या स्त्रिया निसटतात, म्हणून तिशीच्या आसपास प्रत्येक स्त्रीला ही चाचणी देऊ करावी. लहान कुटुंबं, बापाकडून आलेला दोष, पिशवी काढलेल्या आज्या: निसटण्याची कारणं वर आलीच आहेत. आक्षेप बरोबर आहे. पण तो कुठे लागू पडतो ते बघायला हवं. इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने 2024 मध्ये आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असला तरी मोफत बीआरसीए चाचणी देऊ केली, कारण त्या समाजात मोजके दोष वारंवार सापडतात आणि सापडलेल्या बाईला पुढे कुठे पाठवायचं याची वाट बांधलेली आहे. आपल्याकडे दोष विखुरलेले, व्हीयूएसचं प्रमाण जास्त, आणि 30 वर्षांच्या निरोगी वाहक स्त्रीला दरवर्षी स्तनांचा एमआरआय कोण करून देणार, याचं उत्तर जिल्हा रुग्णालयात नाही. ते उत्तर तयार करायचं असेल तर त्याची सुरुवातही रुग्णांच्या चाचण्यांतूनच होईल. भारतीय कुटुंबांतले घातक बदल कोणते, ही यादी तिथेच जमते.

मग लोक घाबरतात त्या गोष्टीकडे यायला हवं: विमा आणि सोयरीक. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्य विम्यात 'जनुकीय विकार' सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं. हृदयाच्या स्नायूंच्या आजाराचा दावा नाकारल्याचं ते प्रकरण होतं. पण अमेरिकेत 2008 पासून आहे तसा जनुकीय भेदभावविरोधी स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तिथला कायदाही आरोग्य विमा आणि नोकरीपुरता आहे, आयुर्विम्याला लागू नाही. आपल्या 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या किंवा जनुकांच्या माहितीला संवेदनशील असा वेगळा वर्ग नाही. 23अँडमीचं उदाहरण ताजं आहे: 2023 मध्ये सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती गेली, आणि मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, जीनोम बदलता येत नाही. सरकारी खर्चाने चाचण्या करायच्या तर हा कायदा आधी किंवा सोबत यायला हवा. नाही तर 'मुलीचं लग्न ठरायचंय, आत्ता नको' हे उत्तर येत राहील, आणि ते देणाऱ्या बापाला अडाणी म्हणता येणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांची मोठेपणीच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची नाही, हा नियम तर आत्ताही पाळता येतो. तो निर्णय त्या मुलाचा आहे.

मागणी फार मोठी नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या मुळात रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आखल्या आहेत. त्यात अंडाशयाच्या कॅन्सरचं पॅकेज मंजूर होताना रक्ताची जनुकचाचणी त्याच पॅकेजमध्ये बसवावी, एमएलपीएसकट. दोष सापडला तर सख्ख्या नात्यातल्या सर्वांची त्या एका जागेची चाचणी मोफत असावी, ते दाखल नसले तरी. समुपदेशक प्रत्येक तालुक्यात नेमता येणार नाही. टाटा मेमोरियलसारख्या केंद्रातून व्हिडिओ कॉलवर अर्धा तास चाचणीआधी आणि अर्धा तास रिपोर्टनंतर, हे जमण्यासारखं आहे. व्हीयूएसची नोंद राज्याच्या एका वहीत राहावी आणि वर्गवारी बदलली की घरी निरोप जावा. लसीकरणाचा निरोप आशाताई देतात, तसाच हाही पोचेल.

रुग्ण दगावला असेल तरी वाट पूर्ण बंद होत नाही. बायोप्सीचा मेणातला ब्लॉक पॅथॉलॉजीकडून मागून घ्यावा. फॉर्मॅलिनमुळे डीएनए तुटलेला असतो, काही अक्षरं खोटीच बदललेली दिसतात, आणि सापडलेला बदल गाठीपुरता की वारशाचा हे ब्लॉकवरून ठरत नाही. तरी जिवंत नातेवाइकाच्या रक्तात नेमकं कुठे बघायचं, एवढी दिशा तो देतो. पण पुष्कळ घरांत तो ब्लॉक दुसऱ्या मतासाठी नेलेला आणि कपाटात कुठे तरी हरवून गेलेला असतो.

म्हणूनच संमतीपत्रात एक ओळ छापून हवी, रक्त काढायच्या दिवशीच विचारायची: 'माझा निकाल माझ्या पश्चात कोणाला सांगावा?' खाली तीन नावांची जागा, प्रत्येकापुढे नातं आणि फोन नंबर. चाचणीचा रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे लागतात. अंडाशयाच्या कॅन्सरच्या चौथ्या टप्प्यात तेवढे आठवडे नेहमीच मिळत नाहीत.